तुम्हाला काय चालेल? ठाण्यातल्या डोकेदुखीच्या एका क्लिनिकबद्दल

पांचपाखाडीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. अर्धशिशी कॉलेजपासूनची, म्हणजे केंद्रापेक्षा बरीच जुनी. ठाण्यात डोकेदुखीसाठी जिथे जिथे जाता येतं तिथे मी जाऊन आले आहे: घराजवळचे फॅमिली डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, कान-नाक-घसावाले, पंचकर्म, घोडबंदर रोडचं मोठं हॉस्पिटल. गेलं वर्षभर तीन हात नाक्याच्या बाजूला एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंकडे जाते. ठरावीक दिवशी त्या फक्त डोकेदुखीचे पेशंट बघतात. क्लिनिकचं नाव लिहू का असं विचारलं तर त्या नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. पण तिथलं काम कसं चालतं ते नीट लिहिते. ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर काय विचारून घ्यावं, हे त्यातून कळेल.

पहिल्या भेटीच्या आधीच रिसेप्शनवरून फोन आला: महिनाभर वही ठेवा, मग या. तारीख, डोकं किती वाजता उठलं, कुठल्या बाजूला, दहापैकी किती, गोळी कुठली आणि किती वाजता घेतली, दोन तासांनी कसं होतं, दुसऱ्या दिवशी दुखणं परत उलटलं का, आणि पाळीची तारीख. एवढंच. मी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं. कागद असाच पाहिजे, तसाच पाहिजे अशी काही अट नव्हती.

क्लिनिकमध्ये पाच प्रश्नांचा एक फॉर्म देतात, मायडास नावाचा. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे किती दिवस कामावर गेला नाहीत, किती दिवस गेलात पण निम्मं किंवा त्याहून कमी काम झालं, घरकामाचं तेच दोन प्रकारे, आणि घरच्या किंवा बाहेरच्या कार्यक्रमांना किती दिवस मुकलात. बेरीज २१ वर किंवा त्याच्या वर गेली की त्रास तीव्र समजतात. माझी गेली. पण मला खरं पटलं ते दुसऱ्या प्रश्नामुळे. केंद्र एक दिवसही बंद ठेवता येत नाही, त्यामुळे ‘किती दिवस सुट्टी घेतली’ या प्रश्नाला माझं उत्तर आजवर नेहमी शून्य. ते ऐकून आधीचे डॉक्टर ‘मग फार नाही’ म्हणायचे. डोक्याला घट्ट फडकं बांधून, दिवा मालवून, अंधारात कणीक मळणारी बाई त्यांच्या हिशेबात येतच नव्हती.

बाईंनी तपासलं नीट. दोन्ही हातांचं बीपी, नाडी, मानेचे स्नायू, चालून दाखवा, नाकाला बोट लावा, आणि एका छोट्या यंत्रातून डोळ्यांच्या आतला पडदा. आमच्या ह्यांची एमआरआयची फार इच्छा होती. बाईंनी त्यांनाही बसवून सांगितलं की वर्षानुवर्षं एकाच धाटणीचं दुखणं आहे, तपासणीत सगळं ठीक आहे, तर त्या फोटोत काही सापडण्याची शक्यता फार कमी. मात्र अचानक काही सेकंदांत आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखलं, तापाबरोबर मान आखडली, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. हे त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद माझ्या फ्रिजवर आहे.

मग त्यांनी विचारलं, “ताई, औषधं बरीच आहेत. तुम्हाला काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, ते आधी सांगा.”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घोडबंदरच्या हॉस्पिटलात पाच मिनिटांत फ्लुनारिझिन लिहून मिळालं होतं, रात्री एक. गोळी वाईट नाही, आपल्याकडे अर्धशिशीला ती सर्रास देतात आणि कित्येकांना लागू पडते. पण तिने झोप येते, वजन वाढतं, आणि काहींचं मन खचतं, हे मला सांगायला हवं होतं. मी पहाटे चारला उठते. साडेचारला पहिला गॅस पेटतो, साडेसातला वागळे इस्टेटचे डबे निघतात. त्या महिन्यांत सकाळी उठताना अंग शिशाचं झालेलं असायचं आणि दुपारी उगाच रडू यायचं. सासूबाई गेल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे घरात सगळ्यांनी ते दुःखावर घातलं. बाईंनी जुनी फाइल चाळली, गोळी सुरू झाल्याची तारीख आणि माझं सांगणं जुळवलं, आणि ती गोळी माझ्यासाठी नाही असं फाइलवर लाल शाईने लिहिलं.

तर मी सांगितलं. सकाळी गुंगी चालणार नाही. बोटांना मुंग्या चालणार नाहीत, कारण माझा हात लाटण्यावर आणि तव्यावर असतो. वजन आणखी वाढलेलं नको, गुडघे आधीच बोलतात. रोज एक गोळी चालेल, दोन वेळाही चालेल. थोडी दमणूक चालेल. महिन्याला हजारांच्या घरातलं औषध नाही परवडणार. आणि डोकं उठलं की दोन तासांत मला परत उभं राहता यायला हवं. अर्धवट उतार नको, पूर्ण उतार हवा.

शेवटच्या मुद्द्यावर बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत १९९९ साली लिप्टन आणि स्ट्युअर्ट या संशोधकांनी अर्धशिशीच्या पेशंटना विचारलं होतं की औषधाकडून तुम्हाला काय हवं. ८७ टक्के म्हणाले वेदना पूर्ण जायला हवी, ८६ टक्के म्हणाले परत उलटायला नको, ८३ टक्के म्हणाले लवकर आराम पडायला हवा. म्हणजे पांचपाखाडीतली मी आणि तिकडचे ते, मागणं एकच. नव्या औषधांच्या चाचण्यांतही आता ‘दोन तासांत वेदना पूर्ण गेली का’ हेच प्रामुख्याने मोजतात, असं त्या म्हणाल्या. वहीत दोन तासांचा रकाना का होता ते मला तेव्हा कळलं.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. मेडिकलमध्ये सहज मिळणारी अर्गोटामिन, कॅफिन आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी मी घेत होते. आमच्या केंद्रावर पोळ्या लाटायला येणाऱ्या दोघी मावशीही तीच घेतात, ओळखीतल्या निम्म्या बायकांच्या पर्समध्ये तीच असते. अशा मिश्र गोळ्या, अर्गोटामिन किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या गोळ्यांचा एक गट) महिन्यातून दहा किंवा त्याहून अधिक दिवस, किंवा साधं पॅरासिटामॉल आणि सूज-वेदनेच्या गोळ्या पंधरा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. हे मावशींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. मग बाईंनी दिलेलं पत्रक त्यांना वाचून दाखवलं. त्यातल्या एकीने आता स्वतःची वही सुरू केली आहे. हा मजकूर लिहिण्यामागे ते एक मोठं कारण आहे.

गोळी सोडायची कशी, तेही मला निवडू दिलं. एकदम बंद किंवा हळूहळू कमी. एकदम बंद केली तर पहिले काही दिवस दुखणं वाढतं, उलट्या होतात, झोप उडते, पण त्यातून लवकर बाहेर पडता येतं. मी एकदम बंद करणार म्हटलं, पण मे महिन्यात. शाळांना सुट्टी असते, डब्यांची गिऱ्हाइकं गावाला जातात, कामाचा बोजा निम्म्यावर येतो. श्रावणात किंवा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीत मला ते झेपलं नसतं. बाई म्हणाल्या, तोवर वही चालू ठेवा, मे ठरला. तोपर्यंत रोजचं औषध, म्हणजे डोकं उठूच नये म्हणून घ्यायचं, सुरू करून ठेवलं आणि त्या वाईट दिवसांसाठी नॅप्रॉक्सेन ही सूज-वेदनेची गोळी आणि उलटीवरची गोळी ठराविक मुदतीपुरती दिली. पहिला आठवडा फार कठीण गेला. पुतणीने गल्ला सांभाळला. पण त्यानंतर डोकं असं मोकळं झालं की मला पहाटेची हवा जाणवायला लागली.

आता डोकं उठल्यावर घ्यायच्या औषधाबद्दल. माझ्यापुढे दोन ठेवली: नॅप्रॉक्सेन ५०० आणि सुमाट्रिप्टान ५०. ट्रिप्टान देण्याआधी बीपी आणि ईसीजी पाहिला, कारण हृदयाचा आजार असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल तर ते देत नाहीत. छातीत, मानेत थोडं दाटल्यासारखं वाटू शकतं, हे आधी सांगितलं. मला ते झालंच, आणि आधी सांगितलेलं असल्यामुळे मी घाबरले नाही. दोन-तीन गोष्टी इथे शिकले त्या कुठल्याच दुकानात शिकले नव्हते. दुखणं हलकं असतानाच गोळी घ्यायची, ठणका भरात येईपर्यंत वाट पाहायची नाही, कारण अर्धशिशीत पोट आळसावतं आणि गोळी पुढे सरकत नाही. आधी उतरून परत उलटलं तर दोन तासांनी दुसरी घेता येते, पण पहिलीने काहीच झालं नसेल तर त्याच दुखण्यात दुसरी घेण्यात अर्थ नाही. आणि महिन्यातून नऊपेक्षा जास्त दिवस नाही, म्हणून माझ्या वहीच्या प्रत्येक महिन्याला वर नऊ चौकोन आखलेले आहेत.

जिभेवर विरघळणाऱ्या रिझाट्रिप्टानबद्दल मीच विचारलं. माझी समजूत होती की ती लवकर लागू पडत असेल. बाई म्हणाल्या, तसं नाही, शेवटी ती पोटातूनच रक्तात जाते, फक्त पाणी लागत नाही. ट्रान्स हार्बरच्या गर्दीत ऐरोलीला जाणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग, माझ्या शेजारी तर माठ आहे. शिवाय मला जी रोजची गोळी सुरू केली (प्रोप्रानोलॉल, तिच्याबद्दल पुढे) तिच्याबरोबर रिझाट्रिप्टान कमी डोसात, ५ मिलिग्रॅमच द्यावं लागतं. उलट्यांनी काहीच पोटात टिकत नाही अशांसाठी नाकातला स्प्रे आणि इंजेक्शनही असतं. मला त्यांची गरज पडली नाही.

रोजच्या औषधावर सर्वात जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते याच अर्ध्या तासासाठी हे क्लिनिक चांगलं. बाईंनी चार औषधं टेबलावरच्या कागदावर आडवी लिहिली आणि माझ्या ‘नको’च्या यादीशी एकेक ताडून पाहिलं. अमिट्रिप्टिलिन: झोप चांगली लागते, पण सकाळी जड वाटू शकतं, तोंड कोरडं, वजन. खोडलं. टोपिरामेट: वजन उतरतं, पण बोटांना मुंग्या येतात. खोडलं. फ्लुनारिझिन तर आधीच लाल शाईत. उरलं प्रोप्रानोलॉल. त्याने नाडी मंदावते, हात-पाय गार पडतात, जिने चढताना दम लागू शकतो, आणि ते मनाने एकदम बंद करायचं नसतं. माझं बीपी तसंही काठावर होतं, दमा नाही. मी म्हटलं हेच द्या. दोन महिने तरी थांबावं लागेल, आठवड्यात फरक दिसणार नाही, आणि डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले तरी ते यश समजायचं, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं. शून्याचं आश्वासन दिलं नाही म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आज दिवस निम्म्याहून कमी आहेत. राम मारुती रोडवर भाजी घेऊन चढण नसतानाही दमते, हे खरं, पण ते मी आधीच कबूल केलेलं होतं.

माझं औषध तुम्ही उचलू नका, म्हणून नणंदेचं सांगते. वन्सं ऐरोलीला शाळेत मराठी शिकवतात. त्यांना दमा, म्हणून प्रोप्रानोलॉल बादच. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना टोपिरामेट मिळालं. डोकं खरंच थांबलं. पण वर्गात शब्द सापडेनासे झाले. जीभ रोजच्या नावांवर अडायची, मुलं वाट बघत बसायची. त्या औषधाचा हा माहीत असलेला परिणाम आहे, आणि शिक्षिकेला तो परवडणारा नाही. माझ्याबरोबर इथे आल्या, बाईंनी त्यांना रात्रीचं अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅमपासून सुरू केलं. त्यांना सकाळी सातपर्यंत झोपता येतं, वजनाचं त्या म्हणाल्या बघू. जे मी खोडलं ते त्यांनी घेतलं आणि दोघी बऱ्या आहोत. भाचीचं आणखी वेगळं: तिला मूल हवं आहे, तर टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट हे शब्दसुद्धा तिच्या फाइलमध्ये यायला नकोत, कारण पोटातल्या बाळाला ती घातक. बाईंनी तिला पहिला प्रश्न तोच विचारला. लग्न झालेल्या मुलीला हा प्रश्न औषध लिहिण्याआधी विचारायचा असतो, नंतर नाही.

संकष्टीचा विषय मी स्वतः काढला. चंद्रोदयापर्यंत उपास म्हणजे माझं डोकं उठणारच, हे वहीत दर महिन्याला दिसत होतं. उपास सोडा असं ऐकायची माझी तयारी नव्हती, आणि तसं त्या म्हणाल्याही नाहीत. दर तीन-चार तासांनी फळं, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी-वरी असं काहीतरी पोटात जाऊ दे, पाणी भरपूर, चहा रोजच्या इतकाच आणि रोजच्या वेळेला. निर्जळी मात्र करायची नाही. मला हे पाळता येतं आणि माझ्या देवालाही चालतं.

पंचकर्माबद्दलही तसंच. शिरोधारा आणि नस्य मी केलेलं आहे. शिरोधारेने फार शांत वाटायचं, त्या दिवशी झोप गाढ लागायची, पण अर्धा दिवस जायचा आणि परिणाम माझ्यापुरता टिकला नाही. बाईंनी नाक मुरडलं नाही. विश्रांतीचं तंत्र, श्वासावर लक्ष, झोपेची ठरलेली वेळ यांनी अर्धशिशीत फायदा होतो असं त्यांनीच सांगितलं, आणि तेल परवडतंय, बरं वाटतंय तर करा म्हणाल्या. फक्त अंगात घ्यायचं कुठलंही चूर्ण-काढा सुरू केला तर मला कळवा, रसौषधी (पारा किंवा धातूंची भस्मं असलेलं औषध) असेल तर आधी दाखवा.

महागड्या उपचारांची माहितीही दिली, विकली नाही. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठी बोटॉक्स: डोकं, कपाळ, मान आणि खांद्यांवर ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. अर्धशिशीत भाग घेणाऱ्या सीजीआरपी नावाच्या रेणूचं काम अडवणारी महिन्याची इंजेक्शनं, त्यातलं पहिलं एरेन्युमॅब अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. ही महिन्याची इंजेक्शनं खास अर्धशिशीसाठीच बनलेली आहेत आणि त्यांचे दुष्परिणाम एकंदर कमी, असं त्या म्हणाल्या. वेटिंगमध्ये भेटलेल्या बँकेतल्या एका बाईंनी हे इंजेक्शन निवडलं, रोजची गोळी विसरते म्हणून, आणि त्या खूश आहेत. मला खर्च झेपत नाही, आमचा विमा ओपीडीचे पैसे देत नाही, आणि स्वस्त गोळी लागू पडते आहे. साध्या गोळ्या जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त पडतात, हे सांगणाऱ्या बाईच.

आता ज्या गोष्टी मला आवडल्या नाहीत. वेटिंग हॉलमध्ये पांढरेशुभ्र ट्यूबलाइट आणि मोठ्या आवाजात बातम्यांचा टीव्ही. डोकेदुखीच्या पेशंटना प्रकाश आणि आवाज सहन होत नाही हे ज्यांचं रोजचं काम, त्यांच्या दारात हे असू नये. मी दोनदा सांगितलं. टीव्ही आता बंद असतो, दिवे तसेच आहेत. काळा चष्मा घेऊन जा. वेळ मिळाली तरी तासभर बसावं लागतं, कारण बाई प्रत्येकाला वेळ देतात. ते मला मान्य आहे, पण रिसेप्शनने फोनवर खरी वेळ सांगावी. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बऱ्याचदा बंद. प्रोप्रानोलॉल घेणाऱ्या बाईने ते जिने चढायचे म्हणजे अवघड. पहिल्या भेटीची फी बाहेरच्यापेक्षा जास्त आहे, नंतरच्या भेटींची कमी. फोनवर गोळीबद्दल विचारलं तर पैसे घेत नाहीत, पण उत्तर संध्याकाळीच मिळतं.

सकाळच्याच वेळा असल्यामुळे माझ्यासारख्या स्वयंपाकाच्या कामातल्या बायकांना आणि घरकाम करणाऱ्यांना येता येत नाही. दुपारी तीन ते पाच एखादा दिवस ठेवा असं मी लेखी दिलं आहे. पोळ्या लाटणाऱ्या मावशीची वही भरत आली आहे, पुढच्या महिन्यात तिला न्यायचं आहे. तोवर दुपारची वेळ सुरू झाली नाही तर त्या दिवशी आमचे डबे अर्धा तास उशिरा निघतील, असं गिऱ्हाइकांना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे.